ओटीपोटातलं जुनाट दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खरा प्रश्न बाई पहिल्यांदा कधीच विचारत नाही. आधी कंबर, मग अशक्तपणा, मग "रक्त कमी आहे का बघा". सोबतची सासू किंवा जाऊ बाहेर बाकावर जाऊन बसली आणि दार लोटलं की आवाज खाली येतो. इथले बहुतेक प्रश्न त्या लोटलेल्या दाराआडचे आहेत.

जुनाट दुखणं नेमकं कशाला म्हणायचं?

बेंबीच्या खाली दुखतं, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ दुखतंय, सतत असो वा येऊन-जाऊन, आणि त्यापायी कामाचा, झोपेचा, नवऱ्याजवळ जाण्याचा खोळंबा होतोय, तर ते जुनाट. पाळीशी त्याचा संबंध असेल किंवा नसेलही. कंबर धरणं, मांड्या भरून येणं, शौचाला बसताना कळ येणं हे बऱ्याचदा त्याच दुखण्याचे फाटे असतात.

आमच्या आईलाही दुखायचं. बाईच्या जातीला हे असायचंच ना?

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी थोडं दुखणं, शेकलं किंवा एखादी गोळी घेतली की थांबणं, इथवर ठीक. मुलगी दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवत असेल, उलट्या होत असतील, गोळीनेही दुखणं हटत नसेल, तर ते "असायचंच" नाही. "लग्न झालं की जाईल", "एक मूल झालं की मोकळी होशील" असं सांगून तिला घरी बसवू नका. बाळंतपण हा कशावरचाही इलाज नाही. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींना तात्पुरता आराम वाटतो, एवढंच.

सहन करण्याची ही सवय किती जुनी आहे ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आज सोनोग्राफीची मशिनं गावोगावी पोचली आहेत. तपासणीच्या टेबलावर बाई चढते का, हा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे.

सोनोग्राफी नॉर्मल आली. मग दुखतं कशानं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारताना बाईचा चेहरा असा असतो, की जणू खोटं बोलताना पकडली गेली.

सोनोग्राफी आकार दाखवते. पिशवी केवढी, गाठ आहे का, बीजकोशात पाणी आहे का. दुखणं सोनोग्राफीत दिसत नाही. चिकटलेला पडदा, आखडलेला स्नायू, दाबली गेलेली नस, चिडलेलं मूत्राशय यांतलं बरंचसं साध्या सोनोग्राफीला दिसत नाही. "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ एवढाच की मोठी गाठ नाही.

ओटीपोट म्हणजे जुना वाडा समजा. एका चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं: गर्भपिशवी आणि बीजकोश, मूत्राशय, मोठं आतडं, खालून सगळ्यांना उचलून धरणारे स्नायू, पोटाची भिंत, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नसा. भिंती सामाईक. एका घरात भांडण झालं की आवाज चौकात येतो, आणि बाहेरच्याला कळत नाही कुणाकडून आला. आपल्याकडे मात्र आळ नेहमी पिशवीवरच येतो. बाईही "पिशवी दुखते" म्हणते, सासूही तेच म्हणते, आणि घाईतला डॉक्टरही चिठ्ठीवर तेच लिहितो.

घरच्या घरी करता येईल अशी एक गंमत सांगते. उताणं झोपा. जिथे दुखतं तिथे एका बोटाने दाबून ठेवा. बोट तसंच ठेवून डोकं आणि खांदे थोडे उचला, म्हणजे पोट कडक होईल. दुखणं वाढलं, तर ते आतल्या अवयवाचं नसून पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं असण्याची शक्यता जास्त. कमी झालं, तर आत शोधायला हवं. हा पक्का निकाल नव्हे, पण डॉक्टरला दिशा मिळते. भिंतीतली नस अडकली असेल तर त्या बिंदूवर भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणारी बाई त्या एका टोचणीनंतर टेबलावरून सरळ उठून बसते, असं मी पाहिलंय. दरवेळी नाही, पण पाहिलंय.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय? नाव तरी नीट सांगा.

पिशवीच्या आत जे अस्तर असतं आणि पाळीत गळून जातं, तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर रुजतं: बीजकोशावर, आतड्यामागे, पोटाच्या पडद्यावर. तेही दर महिन्याला सुजतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. तिथे दाह होतो, वण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी, स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. तरी निदानाला वर्षं लागतात, कारण निम्मी वर्षं "असायचंच" म्हणण्यात जातात.

ओळखायचं कसं? पाळीच्या आधी दोन-चार दिवस सुरू होणारं दुखणं, पाळीत शौचाला किंवा लघवीला कळ, संबंधांच्या वेळी खोल आत दुखणं, मूल राहायला उशीर. सिझेरियनच्या टाक्याजवळ गाठ आहे आणि ती नेमकी पाळीतच दुखते? तेही हेच असू शकतं. टाक्याच्या गाठीला "धागा राहिलाय" म्हणत बरीच वर्षं तशीच घालवणाऱ्या बायका असतात.

रोग किती पसरलाय आणि किती दुखतंय याचा मेळ बसत नाही. चार ठिपके असलेली बाई लोळण घेते, आणि अर्धं पोट चिकटलेली वंध्यत्वाच्या तपासणीत योगायोगाने सापडते.

पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान मानत नसत. आता लक्षणं जुळत असतील तर आधी गोळ्या सुरू करून बघता येतं, दुर्बीण नंतर. डायनोजेस्टसारखी रोज घ्यायची हार्मोनची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळ्या, यांनी पाळी थांबते किंवा कमी होते आणि दुखणं शमतं. सुरुवातीचे काही महिने थेंब थेंब अंगावर जाऊ शकतं. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून गोळी सोडते, म्हणून सांगते. मूल हवं असेल तर हा मार्ग चालत नाही, कारण या गोळ्या चालू असताना सहसा गर्भ राहात नाही. अशा वेळी दुर्बिणीने काढून टाकणं किंवा वंध्यत्वाचे उपचार यांचा विचार होतो.

अंगावरून पांढरं जातं, त्यामुळेच कंबर दुखते ना? हाडं झिजतात म्हणे.

नाही. पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत आणि ताकद वाहून जात नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं चिकट जाणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. दह्यासारखं घट्ट आणि खाज, हिरवट-पिवळं आणि वास, किंवा सोबत ताप आणि ओटीपोटात दुखणं असेल, तर तो जंतुसंसर्ग. हा संसर्ग नळ्यांपर्यंत चढला आणि अर्धवट उपचार झाले, तर मागे जुनाट दुखणं ठेवून जातो. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा आणि डॉक्टरने सांगितलं तर नवऱ्यानेही घ्यायचा. नवरा "मला काय झालंय" म्हणणार. त्याला माझ्याकडे पाठवा.

तांबीबद्दलही विचारतात. तांबीमुळे संसर्गाचा जो थोडा धोका असतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या तांबीवर आजच्या प्रत्येक कळेचं खापर फोडू नका. धागा जागेवर आहे का ते मात्र तपासून घ्या.

टीबी पिशवीलाही होतो?

होतो, आणि आपल्या देशात तो विसरून चालत नाही. खोकला नसतो, थुंकी नसते. मुख्यतः गर्भनलिका धरल्या जातात. पाळी कमी होत जाते, मूल राहात नाही, ओटीपोटात मंद दुखतं, संध्याकाळी कसर येते. घरात कुणाला टीबी होऊन गेलाय का, हे डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. निदान पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून होतं. नुसत्या रक्ताच्या किंवा हातावरच्या टोचणीच्या चाचणीवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं बरोबर नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँकेत जमा होतात. आशाताईंना नोंदणी माहीत असते.

लघवीला सारखं जावं लागतं, तपासणीत जंतू मात्र निघत नाहीत.

मूत्राशय भरत आलं की दुखतं, मोकळं झालं की बरं वाटतं, कल्चर कोरं, आणि तरी दर महिन्याला नवं अँटिबायोटिक. असं असेल तर ती वाट चुकलेली आहे. हा मूत्राशयाच्या अस्तराचा वेगळा आजार असू शकतो. तीन दिवस कागदावर लिहा: किती वाजता, किती पाणी प्यालात, किती वाजता गेलात. चहा कमी करून बघा.

यात आपल्या रस्त्यांचा आणि कामाच्या जागांचाही वाटा आहे. एसटीने चार तास प्रवास, बाजाराच्या गावात धड संडास नाही, शेतात आडोसा नाही, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. लघवी घट्ट, मूत्राशय चिडलेलं, पोट साफ नाही, आणि मग सगळं ओटीपोटच धरतं. पोट साफ नसणं ही किरकोळ बाब समजू नका. कधी जुलाब, कधी मलावरोध, शौचाला जाऊन आलं की दुखणं कमी, हे आतड्याचं दुखणं आहे. त्याला आयबीएस म्हणतात. त्यावर पिशवीचा उपचार करून काय होणार? इसबगोल, पाणी आणि जेवणाच्या वेळा यांनी काही जणींचं निम्मं दुखणं उतरतं.

कुणीतरी केगेलचे व्यायाम सांगितले. करू का?

केगेल म्हणजे ओटीपोटाला खालून उचलून धरणारे स्नायू आवळायचे व्यायाम. आधी ते स्नायू सैल आहेत की आखडलेले, ते तपासून घ्या. बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटते, तेव्हा स्नायू आवळायचे व्यायाम उपयोगी. जुनाट दुखण्यात मात्र बऱ्याच जणींचे हे स्नायू मुठीसारखे आवळलेले असतात. आवळलेली मूठ आणखी आवळून काय मिळणार? त्यांना सोडायला शिकावं लागतं.

असं करून बघा: उताणं झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी खालची बाजू, शौचाच्या जागेभोवतीची, सैल पडतेय असं जाणवू द्या. श्वास सोडताना जोर लावू नका. रोज दहा मिनिटं. बायका म्हणतात, "हा काय व्यायाम झाला?" चार आठवड्यांनी पुन्हा विचारते मी. ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पुण्या-मुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत आहेत. जवळ नसेल तर दोन-तीन वेळा जाऊन शिकून घेतलं तरी पुष्कळ.

संबंधांच्या वेळी दुखतं. हे सांगायचं कसं?

"जवळ गेल्यावर दुखतं" एवढं म्हणा, पुरे. पुढचं विचारणं माझं काम. तोंडाशीच दुखतं की खोल आत, एवढं लक्षात ठेवून या. तोंडाशी दुखत असेल तर कोरडेपणा (बाळाला पाजत असताना किंवा पाळी गेल्यानंतर हमखास), संसर्ग किंवा आवळलेले स्नायू. खोल दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस, जुना संसर्ग, बीजकोशाची गाठ. कोरडेपणाला घरातलं खोबरेल तेल चालतं. निरोध वापरत असाल तर नको, तेलाने तो फाटतो.

मनाविरुद्ध जवळ यावं लागत असेल, मारहाण होत असेल, तर तेही दुखण्याच्या कारणांत धरावं लागतं. ते सांगितल्याने तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मग एकदाची पिशवीच काढून टाकली तर?

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, पस्तिशीच्या आतल्या. दोन मुलं, ऊसतोड. तीन वर्षांपूर्वी पिशवी काढलेली. कागदपत्रांच्या पिशवीत डिस्चार्जची एकच चुरगळलेली पावती. त्यावर "ओटीपोटात दुखणे" एवढंच कारण. "मॅडम, पिशवी गेली तरी दुखतंच की." तपासलं तर मूळ दुखणं मूत्राशयाचं निघालं. पिशवीचा काही गुन्हाच नव्हता.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे पाळीचा त्रास होता, तसाच खाडाही होता. फडात एक दिवस गेलं नाही की मुकादम पैसे कापतो, उचल फेडायची असते, पाल ठोकलेल्या जागी ना पाणी ना संडास. त्यात कुणी "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवलं की निर्णय व्हायला एक दिवसही लागत नाही.

पिशवी काढणं नेहमीच चूक, असं मी म्हणत नाही. मोठ्या फायब्रॉइडच्या गाठी, अंगावर अति जाणं, पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरण्याचा आजार, आणि औषधांनी न आवरलेला त्रास, अशा वेळी ती काढून बायका सुखी झालेल्या मी रोज पाहते. पण आधी कारण शोधलेलं हवं. ऑपरेशनआधी हे विचारा: कारण नेमकं काय? गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरून पाहिली का? बीजकोश ठेवणार का? चाळिशीच्या आत बीजकोश गेले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते काही जणींत लवकर थकतात. उत्तर देताना डॉक्टर चिडला तर दुसऱ्याचं मत घ्या.

रक्तात सीए-१२५ वाढलंय. कॅन्सर आहे का?

सीए-१२५ हे बीजकोशाच्या कॅन्सरच्या संशयात मोजलं जाणारं रक्तातलं प्रथिन. पण एवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. एंडोमेट्रिओसिस, टीबी, संसर्ग, गरोदरपण, अगदी पाळी चालू असतानाही हा आकडा वाढतो. पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेलं राहणं आणि चार घास खाल्ल्यावर पोट भरणं हे नव्याने सुरू झालं असेल, तर मात्र ही तपासणी आणि सोनोग्राफी लगेच.

डॉक्टर म्हणाले, "मनाचं आहे." म्हणजे मी ढोंग करते?

नाही. घरात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक महिने मांजर हललं तरी दचकून जाग येते. चोर कधीच गेलेला असतो, पण कान तसेच टवकारलेले. दुखणं वर्षभर राहिलं की नसा आणि मेंदू तसेच होतात. मूळ कारण बरं झालं तरी साध्या स्पर्शालाही कळ उठते. ही मज्जासंस्थेची अवस्था आहे. तिच्यासाठी रात्री ॲमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा देतात. केमिस्ट म्हणतो, "ही डिप्रेशनची गोळी आहे", आणि बाई घरी जाऊन ती फेकून देते. त्या मात्रेत ती नसा शांत करण्यासाठी असते. गाबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं दुसरं औषध मात्र सरसकट घेऊ नका. कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या दुखण्यात ते उपयोगी पडत नाही, असं २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

चिंता आणि उदासी दुखणं वाढवतात, आणि दुखणं त्यांना वाढवतं. मानसोपचाराची मदत घेण्यात कमीपणा नाही.

दर महिन्याला दुकानातून दुखण्याची गोळी आणते. चालेल?

पाळीतले दोन-तीन दिवस, पोटात अन्न असताना, दुखणं शिगेला पोचायच्या आधी घेतली तर चालते. महिन्यातले दहा-पंधरा दिवस लागत असेल तर नाही. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्यांनी क्वचित गंभीर ॲलर्जी होते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती पुन्हा घेऊ नका.

बेंबी सरकलीय म्हणतात. मालीश करून घेऊ?

बेंबी सरकत नाही. हलक्या हाताचं तेल आणि शेक यांनी बरं वाटत असेल तर घ्या, पोटावर गुडघा देऊन दाबणाऱ्यांकडे जाऊ नका. अनोळखी पुड्या नकोत, त्यांत स्टिरॉइड असू शकतं.

थांबायचंच नाही, असं कधी?

अचानक, एका बाजूला, असह्य कळ आणि उलट्या. पाळी चुकलीय आणि दुखतंय, चक्कर येतेय. दुखण्यासोबत थंडी-ताप. हे त्याच दिवशी, रात्र असली तरी. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, संबंधांनंतर रक्त, लघवी-शौचातून रक्त, वजन उतरणं, हे त्याच आठवड्यात.

पूर्ण बरं होतं का?

काही जणींचं होतं. पुष्कळ जणींचं निम्म्याने कमी होतं आणि उरलेल्या निम्म्यासह त्या शेतावर, ऑफिसात, लग्नाकार्यात जाऊ लागतात. एकाच गोळीने किंवा एकाच ऑपरेशनने होईल अशी आशा धरणाऱ्यांची निराशा जास्त होते. तीन महिने एक उपचार नीट करून बघावा, मग बदलावा. दर पंधरवड्याला डॉक्टर बदलला तर प्रत्येक जण पुन्हा पहिल्या सोनोग्राफीपासून सुरुवात करतो.

पहिल्यांदा येताना काय आणू?

जुने कागद, सगळे, ऑपरेशनचे तर नक्कीच. आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एक शिक्षिका आल्या होत्या, कालनिर्णयची चार पानं घडी करून पर्समध्ये आणलेली. दुधाच्या हिशेबाशेजारी त्यांनी ठिपके दिले होते: लाल म्हणजे पाळी, निळा म्हणजे दुखलं, निळ्याला गोल म्हणजे गोळी घेतली. कोपऱ्यात बारीक अक्षरात "शौच", "प्रवास", "उभं राहून तास". निळे ठिपके दर महिन्याला लाल ठिपक्यांच्या तीन दिवस आधी सुरू व्हायचे. त्यांच्या फाइलमध्ये पाच सोनोग्राफी होत्या, पाचही नॉर्मल. मी आधी ती चार पानं टेबलावर ओळीने मांडली.